प्रूफ: बाटलीवरचं आणि परातीतलं

पावाच्या वर्गात प्रूफिंगचा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतं, “काकू, प्रूफ करायचं म्हणजे पीठ फुगवायचंच ना? मग आमच्या ह्यांच्या बाटलीवर ७५ डिग्री प्रूफ लिहिलेलं असतं, ते काय फुगलेलं असतं?” बाकीच्या हसतात. मला मात्र हा प्रश्न आवडतो, कारण माझी अख्खी नोकरी त्या बाटलीवरच्या प्रूफमध्ये गेली. पुणे जिल्ह्यातल्या एका डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत मी केमिस्ट होते. मळी आंबवायची, तिच्यातून स्पिरिट काढायचं आणि आलेल्या मालाचा कस, म्हणजे त्यातलं अल्कोहोलचं प्रमाण, मोजायचा, हे रोजचं काम. निवृत्त झाल्यावर कोथरूडच्या घरी पाव शिकवायला लागले. यीस्ट तेच, शब्द तोच, फक्त सही करायला एक्साइजचा इन्स्पेक्टर येत नाही.

दोन्हीकडे प्रूफ म्हणजे पारख. माल तयार आहे की नाही, तो म्हणतोय तेवढ्या कसाचा आहे की नाही, हे करून बघणं. फुगणं ही त्या पारखीतली खूण आहे. पावाच्या कृतीत ‘एक तास प्रूफ करा’ असं वाचून घड्याळ लावणाऱ्यांचा पाव मेमध्ये बसतो आणि जानेवारीत दगड होतो, तो यामुळेच. घड्याळाने पारख होत नाही. ती कशी करायची ते सांगते, पण आधी बाटलीकडे जाऊ. तापमानाशिवाय आकड्याला अर्थ नसतो हे मी तिथे शिकले, आणि पावात तीच गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

इंग्लंडमध्ये दारूवर कसाप्रमाणे कर लागायचा. कस कळणार कसा? बंदुकीच्या दारूवर थोडं स्पिरिट ओतायचं आणि काडी लावायची. स्पिरिट जळून गेल्यावर खालची बंदुकीची दारू पेटली तर माल ‘प्रूफ’ला उतरला. स्पिरिटमध्ये पाणी जास्त असेल तर बंदुकीची दारू भिजून जायची आणि पेटायची नाही. तो माल ‘अंडर प्रूफ’. ही परीक्षा फार ढोबळ होती. स्पिरिट जरा जास्त ओतलं तरी निकाल बदलायचा, आणि कर घेणारा व कर देणारा दोघांनाही ते माहीत होतं. म्हणून १८१६ साली तिथल्या सरकारने बार्थोलोम्यू साइक्स याच्या हायड्रोमीटरला कायद्याने मान्यता दिली. व्याख्या अशी ठरली: ५१ अंश फॅरनहाइटला ज्या स्पिरिटचं वजन तेवढ्याच आकारमानाच्या शुद्ध पाण्याच्या १२/१३ भरतं, ते प्रूफ स्पिरिट. आजच्या भाषेत त्यात आकारमानाने ५७.१५ टक्के अल्कोहोल असतं. हे झालं १०० डिग्री प्रूफ.

आता आपल्याकडची बाटली वाचा. बहुतेक व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ४२.८ हा विचित्र आकडा कुठून आला? ५७.१५ चे ७५ टक्के काढा, ४२.८६ येतात. म्हणजे तो माल ७५ डिग्री प्रूफचा, किंवा १०० पेक्षा २५ ने खाली, म्हणून ‘२५ यू.पी.’. यू.पी. म्हणजे अंडर प्रूफ. इंग्लंडने १९८० पासून हे मोजमाप सोडून सरळ टक्के धरले, आपण मात्र त्यांचा आकडा टक्क्यांत बदलून जपून ठेवला. महाराष्ट्रात उत्पादन शुल्काच्या हिशेबात ‘प्रूफ लिटर’ हा शब्द अजून चालतो. ७५० मिलीची ४२.८ टक्क्यांची बाटली म्हणजे सुमारे ०.५६ प्रूफ लिटर. टक्क्यांवरून ब्रिटिश प्रूफ काढायला ७ ने गुणायचं आणि ४ ने भागायचं. डिस्टिलरीतून निघणारं रेक्टिफाइड स्पिरिट ९५ टक्क्यांच्या आसपास असतं. आमच्याकडचे जुने लोक त्याला ‘६६ ओ.पी.’ म्हणायचे, ओव्हर प्रूफ. आणि अमेरिकन बाटली हातात आली तर हे सगळं विसरा. तिथे प्रूफ म्हणजे टक्क्यांची दुप्पट, ४० टक्के म्हणजे ८० प्रूफ, विषय संपला.

महत्त्वाचं पुढे आहे. हायड्रोमीटर म्हणजे काचेची बुडाशी जड केलेली नळी. जारमध्ये सोडली की स्पिरिट जितकं हलकं तितकी ती खोल जाते, आणि पृष्ठभाग ज्या रेघेवर लागतो ती रेघ वाचायची. पण तापलं की स्पिरिट पसरतं, हलकं होतं. नळी जास्त बुडते आणि कस जास्त दाखवते. चाळीसएक टक्क्यांच्या मालात दर अंश सेल्सिअसला साधारण ०.४ टक्क्यांचा फरक पडतो. म्हणजे २० अंशांचं प्रमाण धरून बनवलेली नळी मेच्या दुपारी ३० अंशांच्या स्पिरिटमध्ये बुडवली तर जवळपास ४ टक्के जास्त वाचणार. त्यात नळीचा दोष नाही. म्हणून आमच्याकडे नवीन मुलगा नुसता आकडा घेऊन आला की पहिला प्रश्न असायचा, “किती डिग्रीला?” तापमानाशिवायचा आकडा रजिस्टरमध्ये चढायचाच नाही.

पावाच्या कृतीतला ‘एक तास’ हा असाच तापमान न लिहिलेला आकडा आहे.

एक सांगून ठेवते, कारण वर्गात कोणाचे तरी डोळे लगेच चमकतात: घरी दारू गाळणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे. पाव गाळायला परवाना लागत नाही. तिकडेच वळू.

डिस्टिलरीच्या फर्मेंटरमध्ये आणि तुमच्या परातीत काम करणारा जीव एकच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. जाती वेगवेगळ्या निवडलेल्या असतात एवढंच. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे यीस्टच्याही जाती सांभाळून ठेवतात. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून कागदावर ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. जवळजवळ निम्मं-निम्मं. डिस्टिलरीला अल्कोहोल हवं असतं आणि वायू हा जोडमाल. बेकरीला वायू हवा असतो आणि अल्कोहोल भट्टीत उडून जातं. मळीची वॉश, म्हणजे पाण्याने पातळ केलेली मळी, आंबायला एक-दीड दिवस मिळतो, पावाला दोन-तीन तास. एवढ्या कमी वेळात यीस्टकडून नेमकं काम करून घ्यायचं तर त्याला कुठल्या तापमानात ठेवलंय हे माहीत असायला हवं.

पावात प्रूफ दोनदा येतं: एकदा यीस्टचं, एकदा पिठाचं.

यीस्टचं लवकर उरकू. पाऊण वाटी कोमट पाणी घ्या, ३८ ते ४० अंश. बोट आरामात आत राहिलं पाहिजे. त्यात चिमूटभर साखर आणि यीस्ट घाला. दहा मिनिटांत वर जाडसर फेस आणि आंबूस वास आला तर यीस्ट जिवंत आहे. फेसच नाही तर ते पाकीट फेकून द्या, ‘जास्त घालून बघू’ करू नका. साधारण ५५-६० अंशांना यीस्ट मरतं, त्यामुळे चहाच्या आधणातलं पाणी ओतणाऱ्यांनी पाकिटाला दोष देऊ नये. बारीक दाण्यांचं इन्स्टंट यीस्ट सरळ मैद्यात चालतं, त्याला ही परीक्षा लागत नाही. पण पाकीट फोडून दोन-तीन महिने झाले असतील, किंवा दुकानात सुटं मिळालं असेल, तर दहा मिनिटं खर्च करा. बेकरीला माल पुरवणाऱ्याकडून ताजं यीस्ट आणलंत तर इन्स्टंटच्या तिप्पट वजन धरा, आणि आठवड्याभरात संपवा.

आता लादी पाव. ९ इंची चौकोनी टिनाला पुरेल असं माप:

मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३१० मिली, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, साखर २० ग्रॅम, लोणी ३० ग्रॅम.

मैदा चाळून नव्हे, वजन करून घ्या. पावसाळ्यात तो हवेतली ओल धरून बसलेला असतो, तेव्हा पाणी चमचा-दोन चमचे मागे ठेवा आणि लागलं तरच घाला. लोणी सोडून बाकी सगळं एकत्र करून पाचेक मिनिटं मळायचं, मग लोणी घालून आणखी दहा मिनिटं, ओट्यावर आपटून-ताणून. पिठाचा लहानसा तुकडा बोटांवर ताणून उजेडासमोर धरला तर फाटण्याआधी पातळ पडदा झाला पाहिजे. पोळ्यांच्या कणकेची सवय असलेल्या बायकांना हे पीठ सैल वाटतं आणि त्यांचा हात आपोआप मैद्याच्या डब्याकडे जातो. तो आवरा.

मळून झालेलं पीठ २६ अंशांच्या आसपास असावं. मे असो वा जानेवारी, हे जमलं की पुढचं अर्धं काम सोपं होतं. मैद्याचं तापमान तुमच्या हातात नाही, खोलीचंही नाही. पाण्याचं मात्र आहे. हिशेब असा: २६ गुणिले ३, म्हणजे ७८. त्यातून खोलीचं तापमान, मैद्याचं तापमान आणि हाताने मळताना घर्षणाने चढणारे अंदाजे ३ अंश वजा करा. जे उरेल ते पाण्याचं तापमान.

माझं स्वयंपाकघर पश्चिमेला आहे. मेच्या दुपारी तिथे ३४ अंश असतात आणि डब्यातला मैदाही ३४. ७८ मधून ३४, ३४ आणि ३ गेले, उरले ७. म्हणजे बर्फ घातलेलं पाणी, आणि बर्फाचं वजन त्या ३१० मध्येच धरायचं. जानेवारीच्या सकाळी खोली १९, मैदा २०. उरतात ३६, म्हणजे चांगलं कोमट. हाच मैदा, हेच यीस्ट, हीच बाई, आणि पाण्यात २९ अंशांचा फरक. ‘कोमट पाण्यात मळा’ असं छापणारे बहुधा मेमध्ये पुण्यात पाव करत नसावेत. मशिनमध्ये मळत असाल तर घर्षणाचे ३ पुरत नाहीत. एकदा मळून झाल्यावर पिठात थर्मामीटर खुपसा, किती अंश चढले बघा आणि तुमच्या मशिनचा आकडा डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. टोकदार दांडीचा डिजिटल थर्मामीटर फार महाग नसतो. पाव शिकायला येणाऱ्यांना मी वजनकाट्यानंतर हीच एक वस्तू घ्यायला लावते.

पहिलं फुगणं. पीठ पसरट परातीत ठेवू नका, दुप्पट झालं की दीडपट हे परातीत कोणालाही कळत नाही. तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत उभ्या सरळ भिंतीचा डबा मिळतो, पारदर्शक असेल तर सोन्याहून पिवळं. पीठ दाबून बसवा, पातळीला बाहेरून रबरबँड लावा. २६ अंशांना दुप्पट व्हायला साधारण दीड तास लागतो. तापमान ८-१० अंशांनी बदललं की वेग ढोबळमानाने दुप्पट किंवा निम्मा होतो. त्यामुळे ३४ला पाऊण-एक तास, आणि १९ला अडीच-तीन तास. हे आकडे फक्त कधी डोकावायचं ते ठरवायला. निर्णय रबरबँडचा.

ज्यांना स्टीलच्याच डब्यात ठेवायचंय त्यांनी ३० ग्रॅम पीठ काढून काचेच्या उभट ग्लासात ठेवावं आणि तो ग्लास डब्याला चिकटून ठेवावा. आमच्या प्रयोगशाळेत टाकीतला नमुना बाटलीत काढून ठेवायचो, तसंच हे. फक्त लहान गोळा खोलीच्या तापमानाला लवकर येतो. पीठ थंड आणि खोली गरम असेल तर ग्लास डब्याच्या पुढे धावतो, हे लक्षात असू द्या.

पीठ दुप्पट झालं की हलक्या हाताने खाली बसवा. ५४-५५ ग्रॅमचे १६ गोळे होतात. प्रत्येक गोळा ओट्यावर तळहाताखाली गोल फिरवून वरची कातडी ताठ करा, शिवण खाली. टिनाला लोणी लावून चार-चारच्या ओळीत मांडा, मध्ये जेमतेम बोटाएवढी जागा सोडून. ओला, घट्ट पिळलेला पंचा टाका.

इथून पुढचं जे फुगणं, तेच बेकरीतलं खरं प्रूफिंग. मोठ्या बेकरीत त्यासाठी प्रूफर नावाचं कपाट असतं, आत ३२ ते ३८ अंश आणि ७५-८५ टक्के दमटपणा. पुण्याच्या जुलैत दमटपणा निसर्ग फुकट देतो. एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की पंचा वाळला की गोळ्यांवर पापुद्रा धरतो, आणि पापुद्रा धरलेला गोळा वर न फुगता बाजूने फाटतो. तेव्हा टिन उलट्या पातेल्याखाली ठेवा, आत गरम पाण्याची वाटी. जानेवारीत बंद ओटीजीमध्ये (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) उकळत्या पाण्याचं भांडं आणि शेजारी टिन. आत ३५ च्या वर जाऊ देऊ नका, आणि ओटीजीच्या बटणावर चिकटपट्टी लावा. घरातलं कोणीतरी टोस्ट करायला येतं आणि पंच्यासकट सगळं भाजतं, हे वर्गातल्या एकीच्या घरी झालेलं आहे.

आणि आता बोट.

तर्जनी मैद्यात बुडवा. कडेच्या एका गोळ्याच्या बाजूला, वरून नव्हे, साधारण एक सेंटिमीटर दाबा आणि बोट काढा. मग खड्ड्याकडे बघत राहा. पीठ टुणकन वर आलं, खूणही राहिली नाही, तर अजून वेळ आहे. आत ग्लुटेनचं, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनाचं, जाळं ताठ आहे, वायू कमी आहे. खड्डा सावकाश, दोन-तीन सेकंद घेत भरून येतो आणि शेवटी हलकीशी खळी उरते, तर ओव्हनची वेळ झाली. खड्डा तसाच राहिला, किंवा आजूबाजूचं पीठ सुस्कारा टाकल्यासारखं बसलं, तर तुम्ही पुढे निघून गेलात. ग्लुटेनचा पडदा जेवढा ताणायचा तेवढा ताणून झालाय, ओव्हनमध्ये उसळी मारायला त्याच्याकडे काही शिल्लक नाही.

बोटाच्या जोडीला डोळा आणि हातही वापरा. लादी पावाचे गोळे मांडताना वेगळे होते, ते आता एकमेकांना चिकटून खांद्याला खांदा लावून उभे असतात. टिन अलगद हलवला तर सगळी लादी मिळून थरथरते. कच्चा माल हलवला तर गोळा दगडासारखा जागेवर असतो. कातडीखाली एक-दोन बारीक फुगे दिसायला लागले तर हरकत नाही. मोठमोठे फुगे आणि आंबूस दारूचा वास आला तर उशीर झाला. तो वास यीस्टचाच माल आहे, मला तो लांबून ओळखू येतो.

एकाच जागी दोनदा दाबू नका. दर पाच मिनिटांनी सोळाही गोळ्यांना टोचत बसू नका. दुकानात आंबा दाबून बघतात तसं दाबलंत तर माल तुमच्याच हाताने उतरेल. एक कडेचा, एक मधला, बस. मधला नेहमी जरा पुढे असतो, कारण तो चारी बाजूंनी उबेत असतो.

मेमध्ये हा टप्पा पस्तीस-चाळीस मिनिटांत आटपतो आणि ओटीजी २०० अंशांना यायला पंधरा-वीस मिनिटं घेते. म्हणून उन्हाळ्यात बोटाने ‘तयार’ म्हणायची वाट बघून ओव्हन लावू नका. गोळे एकमेकांना पहिल्यांदा टेकले की ओव्हन लावा. हिवाळ्यात उलट, निवांत बोट सांगेल तेव्हा लावा. दुधाचा हात फिरवून २०० अंशांना वीस-बावीस मिनिटं. मधल्या पावाच्या पोटात थर्मामीटर ९३ च्या वर दाखवतो तेव्हा आतून झालेला असतो. बाहेर काढल्याबरोबर लोणी लावून फडक्याखाली ठेवा म्हणजे कातडी मऊ राहते.

ओव्हनच्या पहिल्या काही मिनिटांत काय होतं ते सांगते, कारण प्रूफ का मोजायचं ते तिथे कळतं. तापायला लागल्यावर यीस्ट मरायच्या आधी शेवटचं जोरात काम करतं. आधीचा वायू तापून पसरतो. ७८ अंशांच्या आसपास अल्कोहोल उकळतं, त्याची वाफ फुगे आणखी फुगवते. आमच्या डिस्टिलरीच्या ऊर्ध्वपातन स्तंभात जी वाफ थंड करून आम्ही टाकीत भरायचो, तीच इथे पावाला उचलते आणि दार उघडलं की तुमच्या नाकात जाते. या सगळ्या दाबाला पडदा पुरला पाहिजे. कमी प्रूफ झालेल्या पिठात पडदा ताठ असतो, म्हणून पाव कुठेतरी कडेने फाटतो, आत दाट आणि खाली चिकट राहतो. जास्त झालेल्यात पडदा फाटतो, पाव सपाट होतो, आणि साखर यीस्टने खाऊन टाकलेली असल्यामुळे रंगही फिका राहतो. भाजलेला पाव कापून बघताना ‘चांगला-वाईट’ म्हणून सोडू नका. फाटला कुठे, जाळी कशी, रंग किती ते बघा आणि त्या दिवशीचं पिठाचं तापमान शेजारी लिहा. चार-पाच वेळा लिहिलंत की तुमच्या स्वयंपाकघराचं कोष्टक तयार होतं. माझं कोष्टक तुम्हाला लागू पडणार नाही; तुमचं घर कर्वेनगरला पूर्वेचं असेल नाहीतर पेठेतल्या थंड वाड्यात असेल.

माल पुढे गेला तर? भाजलेला नसेल तर वाचवता येतो. टिनातून काढा, वायू काढून पुन्हा गोळे वळा आणि पुन्हा ठेवा. या वेळी ते जवळजवळ निम्म्या वेळात येतात, तेव्हा लक्ष ठेवून राहा. पाव थोडा आंबूस होईल, मिसळीबरोबर कोणाला कळणार नाही. दुसऱ्यांदाही निसटलं तर पाव करायचा हट्ट सोडा. परातीत तेल लावून पीठ पसरा, बोटांनी खड्डे पाडा, लसणीची चटणी आणि जाडं मीठ भुरभुरा आणि तसंच भाजा. किंवा शंभर-दीडशे ग्रॅम गोळा डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच्या ताज्या पिठात मळा, चव चांगली येते.

पुण्यात आणखी एक प्रसंग पावसाळ्यात येतोच येतो: बोट ‘तयार’ म्हणतं आणि त्याच क्षणी वीज जाते. टिन झाकून ताबडतोब फ्रिजमध्ये. वीज नसली तरी दार बंद राहिलं तर आत गारवा असतो आणि अर्धा-पाऊण तास तरी मिळतो. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर जाड बुडाची मोठी कढई गॅसवर तापवा, तळाशी स्टँड ठेवा, वर छोटा टिन, घट्ट झाकण. वरून रंग येत नाही, पण पाव होतो.

फ्रिजचाच मुद्दाम उपयोगही करून घेता येतो, आणि नोकरी करणाऱ्यांना मी हेच सांगते. यीस्ट ५ ऐवजी ३ ग्रॅम घ्या. रात्री गोळे वळून टिनात मांडा, टिन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ४-५ अंशांवर आठ ते बारा तास ठेवा. दारातल्या कप्प्यात नको. मेमध्ये घरातली मुलं दर दहा मिनिटांनी पाण्याच्या बाटलीसाठी दार उघडतात आणि तिथे १०-१२ अंश होतात. मागच्या भिंतीला टेकवून ठेवा. सकाळी बोटाच्या परीक्षेवर लगेच विश्वास ठेवू नका. थंड पिठात लोणी घट्ट झालेलं असतं, खड्डा तसाच राहतो आणि माल पुढे गेल्यासारखा वाटतो. हायड्रोमीटरसारखंच आहे: तापमान वेगळं, तर वाचनही वेगळं. टिन बाहेर काढा, उन्हाळ्यात वीस-पंचवीस मिनिटं, हिवाळ्यात तासभर राहू द्या. गोळे टेकलेत का, लादी थरथरते का ते बघा, मग बोट लावा. तोवर ओटीजी तापवून ठेवा.